डोंगरबाजूचा आवाज

आमचे घरमालक डावं-उजवं म्हणत नसत. त्यांच्या बोलण्यात दोनच बाजू होत्या, डोंगर आणि दरी. "चपला दरीबाजूला काढा." "मीठ डोंगराकडच्या फळीवर हाय." तुंगार्लीच्या उतारावरच्या त्या घराला खरं तर दरी नव्हतीच. एका अंगाला धरणाकडे चढत जाणारा डोंगर होता, हे खरं. पण दुसऱ्या अंगाला बंगल्यांची छपरं, कुठल्याशा रिसॉर्टची निळी टाकी आणि त्याच्या खाली लोणावळा स्टेशन. स्टेशनला दरी म्हणणारा माणूस मी त्यांच्याखेरीज दुसरा पाहिला नाही. मी तिथे भाड्याने राहायला गेले तेव्हा पहिला आठवडा मला त्या घरात काही सापडत नसे.

त्यांना सगळे आबा म्हणत, मीही तेच म्हणू लागले. मागच्या दोन खोल्या माझ्या होत्या. आंबीच्या एका कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होते; सकाळच्या लोकलने तळेगाव आणि तिथून कंपनीची बस. दिवसभर लोखंडी भागांची मापं घ्यायची आणि 'चालेल', 'चालणार नाही' असे शिक्के मारायचे, हे माझं काम. संध्याकाळी घरी आल्यावरही हा शिक्का माझ्या हातातून सुटत नसे, भाजीवाल्यापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांवर तो उठायचा. आबांनी हे पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि माझं नाव 'कॉलिटी' ठेवलं.

"कॉलिटी आली का? या, बसा खुर्चीत."

खुर्चीत बसायचं म्हणजे परीक्षा द्यायची. आबांच्या बाहेरच्या खोलीत टीव्ही होता, आणि त्याच्याभोवती पाच स्पीकर आणि घुमणाऱ्या आवाजाचा एक ठोकळा. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, गावी विहीर खणतात. आबांनी हे घेतलं होतं. दोन स्पीकर टीव्हीच्या दोन अंगांना, एक टीव्हीच्या खाली, आणि दोन मागच्या भिंतीवर. प्रत्येकावर पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत नाव: डोंगर पुढं, दरी पुढं, डोंगर मागं, दरी मागं. मधल्याला नुसतं 'मधला'. खोलीच्या बरोबर मध्यावर खुर्ची. तिथे बसून डोळे मिटायचे आणि आबा टीव्ही लावतील तेव्हा आवाज कुठून येतो ते हात करून सांगायचं. पोस्टमन, गॅसचा सिलिंडर आणणारा, मतदारयादी तपासायला आलेल्या मास्तरीणबाई, यातून कुणीही सुटलं नव्हतं.

आबा घाटात रेल्वेच्या लायनीवर होते. आधी गँगमध्ये, नंतर की-मॅन. रोज ठरलेला पल्ला हातोडी घेऊन पायी चालायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकत जायचं, आणि ठोक्याच्या आवाजावरून कुठली चावी सैल आहे ते ओळखायचं. पावसाळ्यात तिथे धुकं असं उतरतं की आपलाच पुढे केलेला हात दिसत नाही. तीन लायनी, बोगदे, आणि आवाज डोंगरावर आपटून भलतीकडून यायचा. गाडी आली की लुकआउटवाला एकच शब्द ओरडायचा, "डोंगर" किंवा "दरी". त्या बाजूला उडी मारायची. डावं-उजवं ओरडून चालत नाही, कारण वाकून काम करणाऱ्या दहा माणसांची तोंडं दहा दिशांना असतात.

"ज्याला आवाज कुटनं आला ह्ये कळत न्हाई, त्यो लायनीवर टिकत न्हाई," आबा म्हणत. त्यांचा एक जोडीदार टिकला नव्हता. त्याच्याबद्दल ते एवढंच सांगत की लुकआउटवाला "दरी" ओरडला होता, पण त्याला गाडी दरीकडूनच येतेय असं ऐकू आलं आणि तो शब्दावर न जाता कानावर गेला. ही गोष्ट त्यांनी मला तीन वर्षांत एकदाच सांगितली.

म्हणून असेल, पण आवाज कुठून येतो याचं त्यांना वेड होतं. तो मोठा आहे की गोड आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. शनिवार-रविवारी आजूबाजूच्या बंगल्यांत पुण्या-मुंबईची पोरं येऊन भिंती हादरवायची तेव्हा आबा मान हलवून म्हणत, "आवाज मोठा केला म्हंजे ऐकू येतंय असं न्हाई."

आणि त्यांची तक्रार अशी, की टीव्हीवरून येणारा आवाज पाच स्पीकर असूनही पुढूनच यायचा. मागचे दोन मुके, नाहीतर पुढचंच हळू आवाजात परत म्हणणारे. या तक्रारीसाठी त्यांनी केबल कंपनीच्या मदत केंद्राला किती वेळा फोन केला असेल ते केंद्रालाच ठाऊक. मी एक संवाद कानाने ऐकलेला आहे.

"सर, आवाज येतोय ना?"

"येतोय. पण पुढनंच येतोय."

"मग प्रॉब्लेम काय आहे सर?"

"मॅचला लोक नुस्ती पुढंच बसत्यात व्हय?"

पलीकडच्या मुलीने सेट-टॉप बॉक्स बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. आबांनी केला. आवाज पुढूनच आला.

शेवटी त्यांचं त्यांनीच शोधून काढलं. सकाळी पाणी भरून झालं की चष्मा लावून ते ॲम्प्लिफायरचं पुस्तक घेऊन बसायचे. अडलेले इंग्रजी शब्द एका कागदावर लिहून संध्याकाळी मला विचारायचे. खोड अशी होती, की बॉक्समधून निघालेला आवाज आधी टीव्हीत जायचा आणि टीव्हीतून ॲम्प्लिफायरला. टीव्हीच्या पोटातून जाताना पाचाचे दोन व्हायचे. आबांनी टीव्हीला मधून काढलं, बॉक्सपासून थेट ॲम्प्लिफायरपर्यंत एक बारीक काचतंतूची वायर टाकली, बॉक्सच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन 'दोन' होतं ते बदललं, आणि खऱ्याखुऱ्या पाच स्पीकरांचा आवाज आला की ॲम्प्लिफायरवर एक निळा दिवा लागतो, हेही शोधलं.

त्यानंतर निळ्या दिव्याची वही आली. रेल्वेतल्या सवयीने आखलेली, तारीख, वेळ, चॅनल, कार्यक्रम, आणि शेवटच्या रकान्यात 'लागला' किंवा 'न्हाई लागला'. नव्वद टक्के पानं 'न्हाई लागला'ने भरलेली होती. साध्या चॅनलवर तो कधीच लागायचा नाही. एचडी चॅनलवरच्या मालिकांना लागायचा नाही. बातम्यांना तर नाहीच. "तितं कशाला लागंल," आबा म्हणाले, "तितं सगळी एकाच तोंडानं बोलत्यात." लागायचा तो क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांना. तेव्हा समालोचक पुढून बोलायचा आणि लोकांचा गलका मागून यायचा, डोंगराकडून आणि दरीकडून. पहिल्यांदा तो आला तेव्हा आबांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, पण मान आपोआप मागे वळली. आबा एकदम खूश झाले. म्हणाले, "वळली. बगा, न सांगता वळली."

त्या दिवशी मला वाटलं होतं, म्हातारपणचा छंद आहे, पुरला एकदाचा.

मावशींबद्दल, म्हणजे आबांच्या बायकोबद्दल, मी अजून काही बोलले नाही, कारण तेव्हा त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नव्हतं. त्या सगळीकडे असायच्या. रविवारी विहारात वंदनेला त्यांचा आवाज सगळ्यांच्या पुढे असायचा, आणि आबांच्या स्पीकरांवर त्या धुतलेल्या पिशव्या वाळत घालायच्या. "पाच तोंडं आणून ठिवल्यात," त्या म्हणायच्या, "एकालाबी शेंगा निवडायला येत न्हाईत." ठेचा त्यांच्यासारखा मी परत कुठे खाल्ला नाही. माझ्या डब्यात त्या न विचारता एक गोळा ठेवायच्या आणि कारखान्यात अर्धा विभाग त्याच्यावर तुटून पडायचा.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी, गणपती होऊन गेल्यावर, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. महिनाभराने घरी आल्या तेव्हा बोलणं शाबूत होतं, पण डावा हात लुळा आणि पाय ओढत. त्याचं काही नाही, असं होतं हे आपल्याला ठाऊक असतं. जे ठाऊक नव्हतं ते तळेगावहून दर मंगळवारी येणाऱ्या व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मावशींचे डोळे चांगले होते, कानही चांगले होते, पण त्यांच्या मेंदूच्या लेखी जगाची डावी बाजू उरलेलीच नव्हती. डावीकडे कुणी उभं राहिलं तर त्यांना दिसायचं नाही. डावीकडून हाक मारली तर आवाज ऐकू यायचा, आणि त्या उजवीकडे शोधायच्या.

"तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूलाच बसायचं," डॉक्टरीणबाई आबांना म्हणाल्या. "डावीकडूनच बोलायचं. सोपं करून द्यायचं नाही. त्यांना वळावं लागलं पाहिजे."

आबांनी आयुष्यभर नियमाची माणसं पाहिलेली. त्यांनी एक लोखंडी स्टूल आणलं आणि मावशींच्या खुर्चीच्या डाव्या अंगाला ठेवलं. टीव्हीकडे तोंड केलं की त्या अंगाला डोंगर होता, तेव्हा ते अर्थातच 'डोंगराकडचं स्टूल' झालं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत आबा त्यावर बसायचे. औषध तिथून द्यायचे, पेपर तिथून वाचून दाखवायचे. मी कामावरून आले की मावशी मला विचारायच्या, "तुजं आबा कुटं गेलं गं? दिसभर पत्त्या न्हाई."

आबा त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेले असायचे.

"हितंच हाय," ते म्हणायचे. मावशी उजवीकडे दाराकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "भाईरनं बोलत्यात वाटतं."

हे बघवायचं नाही. जेवणाचंही तसंच. आपल्याकडे ताटात डावीकडे मीठ, लिंबू, ठेचा, कोशिंबीर, उजवीकडे भाजी. मावशी उजवं अर्धं ताट स्वच्छ करायच्या, भाकरीसुद्धा अर्धीच मोडायच्या, आणि कुरकुर करायच्या की ह्या घरात ठेचा वाढायची पद्धत गेली का. मी एकदा हळूच ताट फिरवलं. ठेचा समोर आला तशी त्यांनी तो बोटाने चाटला आणि हसल्या. आबांनी माझा हात धरला. तीन वर्षांत ते एकदाच माझ्यावर चिडले ते तेव्हा. "ताट फिरवू नगंस. तिला फिरू दे." आणि त्यांनी ताट पुन्हा होतं तसं केलं. मला तेव्हा तो माणूस दगडाचा वाटला, हे मी कबूल करते.

मग निळ्या दिव्याला काम लागलं. आबांचा हिशेब सरळ होता. माणसाला सांगून वळायला लावता येत नाही, पण मागून गलका आला तर मान आपोआप वळते. कॉलिटीची वळली होती, पोस्टमनची वळली होती. त्यांनी खुर्चीत मावशींना बसवलं, बाकी स्पीकर हळू केले आणि 'डोंगर मागं' मोठा ठेवला. सामना लागला, दिवा लागला, चौकार गेला की मावशींच्या डाव्या कानामागे हजारो माणसं ओरडायची. मावशी टीव्हीकडे बघत बसायच्या, नाहीतर उजवीकडे. आबा वहीत लिहायचे, 'लागला. वळली न्हाई.' आख्खा हिवाळा आणि उन्हाळा त्या वहीत 'वळली न्हाई' असंच आहे. दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. इथे मुंगीही जागची हलत नव्हती.

जूनमध्ये टीव्हीमागच्या भिंतीला ओल आली. लोणावळ्यात ओल येणं ही बातमी नव्हे, पण ह्या वेळी पोपडे पार टीव्हीवर पडायला लागले. आबांनी एका रविवारी टीव्ही काढून समोरच्या, स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर लावला आणि मावशींची खुर्ची तिकडे तोंड करून ठेवली. 'मधला' टीव्हीबरोबर गेला, बाकीचे स्पीकर भिंतींवर होते तिथेच राहिले. पुढचे होते ते मागचे झाले आणि मागचे होते ते पुढचे, तेव्हा आबांनी 'पुढं' आणि 'मागं' लिहिलेल्या पट्ट्या बदलल्या, वायरीही तशा बदलल्या.

"डोंगर-दरीच्या बदलायच्या नाहीत?" मी विचारलं.

"डोंगर काय जागचा हालतो का?"

मला ते इतकं पटलं की मी हसले. मग परीक्षा झाली. मी खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि आबांनी एकेक स्पीकर वाजवला. "डोंगर मागं." "दरी पुढं." तोवर मी ती भाषा शिकले होते आणि मला त्याचा अभिमान होता. दहापैकी दहा उत्तरं बरोबर आली. मी माझ्या मनात 'चालेल'चा शिक्का मारला आणि कपडे वाळत घालायला गेले.

त्याच आठवड्यात सामना होता. कुणाची तरी विकेट पडली आणि 'डोंगर मागं'मधून गलका उठला. मावशींची मान हलली. हळूहळू, दार उघडावं तशी ती वळली, आणि डोंगराकडच्या स्टुलावर बसलेल्या आबांवर त्यांची नजर थांबली.

"अगं बाई. हितं व्हय तुमी? मी म्हनते कुटं गेलता."

आबांनी वही उघडली, भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकली आणि लिहिलं, 'वळली.' मग वही मिटून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मी दारात उभी होते. माझेही डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी आबांनी आळीत पेढे वाटले. मदत केंद्राला फोन करून तिथल्या मुलीला सांगितलं की तक्रार मागे घेतोय. मावशी दिवसभर आबांशी बोलायच्या. नऊ-दहा महिन्यांचं साठलेलं. कान्हे गावी दिलेल्या लेकीचं, विहाराच्या पत्र्याचं, आणि मुख्य म्हणजे आबांच्या दाढीचं. "दाढी करा की. काय अवतार केलाय." आबांनी कधी नव्हे ते रोज दाढी करायला सुरुवात केली. आणि मंगळवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं, "आता नका येऊ बाई. गाडी लायनीवर आली."

पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जेवले. मावशींचं ताट उचलायला गेले तर उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडे मीठ, लिंबाची फोड आणि ठेचा जसाच्या तसा.

मी ताट हातात घेऊन तशीच उभी राहिले. आठवडाभर वळणाऱ्या बाईला ठेचा दिसू नये? मग माझी नजर मावशींच्या मांडीवरच्या हाताकडे गेली. तो निपचित पडलेला डावा हात. तो खिडकीच्या बाजूला होता, आणि खिडकीतून दिसत होती निळी टाकी आणि तिच्याखाली स्टेशन. डोंगर त्यांच्या उजव्या हाताला होता. खुर्ची फिरली होती. आबांचं स्टूल, मोठा केलेला स्पीकर, सगळं मावशींच्या चांगल्या बाजूला आलं होतं. त्या कुठेही वळल्या नव्हत्या. त्या गेले नऊ-दहा महिने जिकडे बघत होत्या तिकडेच बघत होत्या, फक्त आबा तिथे येऊन बसले होते.

आणि ती परीक्षा मी पास केली होती. डावं की उजवं, असं मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. कारखान्यात अशा चुकीला आम्ही नाव ठेवलंय: माप बरोबर, भाग उलटा.

मी सहा दिवस बोलले नाही. दोन माणसं सुखात होती, त्यांच्या मध्ये पाय घालणारी मी कोण, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. पण रोज संध्याकाळी परतताना लोकलमध्ये मला तो लुळा हात दिसायचा, आणि बंद केलेला मंगळवार आठवायचा. मावशींकडे मुळात मंगळवार किती उरले होते कुणाला ठाऊक.

शनिवारी सामना होता. निळा दिवा लागलेला. आबा स्टुलावर, मावशी त्यांच्याकडे बघत काहीतरी सांगत होत्या. मी शेजारी जाऊन हळू आवाजात विचारलं, "आबा, मावशींचा डावा हात कुठल्या बाजूला आहे?"

"दरीबा..."

शब्द त्यांच्या तोंडातच राहिला. ते उठले. खुर्चीच्या मागे जाऊन टीव्हीकडे तोंड करून उभे राहिले, आणि शाळेत कवायतीला उभं राहावं तसा स्वतःचा डावा हात वर केला. त्या हाताकडे पाहिलं. मग त्या हाताच्या पलीकडे, खिडकीतून, स्टेशनकडे. टीव्हीवर लोक ओरडत होते.

"डोंगर हालत न्हाई, ह्ये आमाला शिकवलं," शेवटी ते म्हणाले. "खुर्ची हालती, ह्ये कुणी शिकवलं न्हाई."

"आबा, चूक माझी आहे. मीच दहापैकी दहा सांगितले."

"तू बरोबरच सांगितलंस. इचारलं तेचं उत्तर दिलंस." मग त्यांनी विचारलं, "किती ओव्हर ऱ्हायल्यात?"

मी टीव्हीकडे बघून सांगितलं, "सहा."

"मग तेवढं बसतो हितंच."

आणि ते पुन्हा मावशींच्या उजव्या बाजूला स्टुलावर बसले. त्या सहा षटकांत त्यांनी टीव्हीकडे एकदाही पाहिलं नाही. मावशी सांगत होत्या की आंब्याचं लोणचं या साली लेकीकडून मागवा, तिच्या हाताला चव आहे. आबा "व्हय, व्हय" म्हणत होते. मावशींनी आपल्या चांगल्या हाताने त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवरचा दोरा काढला. सामना संपला, लोक टाळ्या वाजवायला लागले, निळा दिवा गेला आणि जाहिराती लागल्या. आबा उठले. स्टूल उचललं, खुर्चीच्या मागून वळसा घातला आणि मावशींच्या डाव्या अंगाला, खिडकीपाशी ठेवून बसले.

मावशी जरा वेळ रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुजं आबा कुटं गेलं गं?"

"हितंच हाय," आबा म्हणाले.

"भाईर गेलं वाटतं," मावशी म्हणाल्या.

मी माझ्या खोलीत जाऊन रडले. त्या माणसाला मी एकदा दगड म्हटलं होतं, त्याचीच मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्पीकरांच्या वायरी उलटवल्या आणि पट्ट्या काढून नव्या लावल्या. त्यांवर 'डावा' आणि 'उजवा' लिहिलं होतं. जन्मभरात ते शब्द त्यांनी पहिल्यांदाच लिहिले असावेत. 'उजवा'तला 'ज' खोडून परत काढलेला होता. मग डॉक्टरीणबाईंना फोन केला. वहीत आधीचं 'वळली' एका सरळ रेघेने कापलं आणि बाजूला सही केली. रेल्वेत चूक खोडायची नसते, कापून सही करायची असते.

हिवाळ्यात माझी बदली झाली आणि मी चाकणला राहायला गेले. आठ-दहा महिन्यांनी एकदा आले तेव्हा आबांनी पंगतीला बसवलं. मावशींचा उजवा हात भाकरी मोडून झाल्यावर ताटात फिरू लागला. भाजीवरून, भाकरीवरून, मधली अदृश्य कड ओलांडून तो डावीकडे गेला आणि ठेच्यापाशी थांबला. मावशींनी बोट चाटलं, मान डावीकडे नेली, अगदी थोडी, आणि स्टुलाकडे बघत म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय. आन् दाढी करा." आबांनी माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई म्हणायच्या व्यायामाने फरक पडला, आबा म्हणायचे निळ्या दिव्याने. मी ह्यात कुठलाच शिक्का मारत नाही.

गेल्या वर्षी आबा गेले. सकाळी धरणाच्या रस्त्याला फिरायला गेले होते, तिथेच कठड्यापाशी बसले ते उठले नाहीत. कान्ह्याची लेक आता आईपाशी येऊन राहिली आहे, तिनेच मला फोन केला.

मी गेले तेव्हा सगळं आवरून झालं होतं. टीव्ही बंद होता, पाच स्पीकर भिंतींवर होते, निळ्या दिव्याची वही ॲम्प्लिफायरवर ठेवलेली. मावशी खुर्चीत होत्या. मी सवयीने त्यांच्या उजव्या बाजूला, त्यांना सोपं पडेल अशी जमिनीवर बसायला लागले, तर त्यांनी हाताने नको म्हटलं. सगळी मान वळवून त्यांनी डावीकडे पाहिलं, खिडकीपाशी, जिथे ते लोखंडी स्टूल रिकामं होतं.

"तितं बस," त्या म्हणाल्या. "मला दिसतं आता तिकडचं."